बंब फक्त आगीलाच पाठवायचा असा ठराव येतोय, ग्रामसभेत काय बोलू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रविवारी आमच्या गावची ग्रामसभा आहे आणि त्यात ठराव येणार आहे की अग्निशामक दलाचा बंब फक्त आगीलाच पाठवावा, झाड पडलं, जनावर विहिरीत पडलं असल्या कामांना पाठवू नये. मला विरोधात बोलायचंय पण मुद्दे नीट जुळत नाहीयेत. थोडं लांबेल, वाचा प्लीज.

झालं असं की मार्चमध्ये भर दुपारी आमच्या डोंगरावरच्या काजूच्या भाटाला (बागेला) आग लागली, ऐन बियांचा हंगाम, खाली पालापाचोळा नुसता कुरकुरीत झालेला आणि वर वारा. १०१ ला फोन केला तर कळलं गाडी पलीकडच्या वाड्यावर विहिरीत पडलेलं वासरू काढायला गेलीय. आम्ही हिरव्या फांद्यांनी आग झोडपत राहिलो, बंब यायला पाऊण तास गेला, तोवर आमची निम्मी झाडं करपली आणि शेजारच्या काकांची तर जवळजवळ सगळीच. ठराव काकांचाच आहे. त्यांचा राग मला कळतो, काजू काय आज लावला नि उद्या धरला असं नसतं.

पण त्याआधीच्या जुलैत रात्री अडीच वाजता आमच्या घरावर फणस कोसळला, सासूबाई आतल्या खोलीत अडकल्या, दारात कौलं आणि वासे. तेव्हा हाच बंब आला होता. त्यातले एक वयस्कर जवान सांगत होते की खोड एकदम कापलं तर सगळा भार खोलीवर येईल, म्हणून आधी टेकू लावला आणि मग मशीनच्या करवतीने एकेक फांदी उतरवत गेले, बाहेर धो धो पाऊस. तासाभराने सासूबाई बाहेर आल्या, पायाला थोडं खरचटलं होतं एवढंच. त्या रात्री बॅटरी धरून काकाच उभे होते.

परवा मी त्या वासरूवाल्यांकडेही जाऊन आले. त्यांचा मुलगा दोर बांधून खाली उतरायलाच निघाला होता म्हणे. जवानांनी त्याला थांबवलं, पेटता कंदील खाली सोडून तो विझत नाही ना बघितलं, मग एक जण उतरला आणि वासराच्या पोटाखालून जुना होज पाइप घालून वर ओढलं. विहिरीत हवा कोंदलेली असली तर उतरणारा माणूस परत येत नाही. म्हणजे बंब गेला नसता तर तो मुलगा उतरला असता.

तर विचारायचंय, अशा कामांना दोर, करवत, शिडी असलेली छोटी गाडी वेगळी मागता येते का? आणि मागायची कोणाकडे?

प्रतिसाद १
ताई, आपल्याकडे गोव्यात हे खातं राज्य सरकारचं आहे, मुख्यालय पणजीला सांतिनेजला. नावच अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा, त्यामुळे झाड, विहीर, पूर हे त्यांच्या कामातच येतं, ग्रामसभेने नको म्हणून ते थांबणार नाही. तुमची ग्रामसभा मागणी मात्र करू शकते, ठरावाची प्रत संचालकांना पाठवा. मुद्दा हंगामाचा धरा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात डोंगर पेटले तेव्हा नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. काजूच्या दिवसांत पाण्याची गाडी केंद्रावर तयार राहावी आणि बाकीच्या कामांना दुसरी जावी असं लिहा. साप निघाला तर वनखात्याला सांगायचं, हेही लोकांना सांगा.

प्रतिसाद २
माझा भाऊ अमेरिकेत असतो, तिथे कोणाचं हृदय बंद पडलं तरी ॲम्ब्युलन्सबरोबर फायरची गाडी येते, कारण त्यांचं स्टेशन जवळ असतं आणि जवानांना प्रथमोपचाराचं ट्रेनिंग असतं. छाती दाबणं आणि हृदयाला विजेचा शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. एवढी मोठी गाडी कशाला पाठवता हा वाद तिथेही चालतो, पण तो गाडीच्या आकारावर, माणसं पाठवण्यावर नाही. आपल्याकडे त्यासाठी १०८ आहे, पण तुमचा मुद्दा तोच.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. "पाठवू नये" खोडून "दुसरी गाडी द्यावी" असं लिहून आज संध्याकाळी काकांकडे घेऊन जाते. त्यांना बारीक वाचता येत नाही, अक्षर मोठं काढते.