समुद्रातला गाळ आणि आमच्या कोरड्या बोअर

गाळगोष्टी: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'जॉयडेस रिझोल्यूशन जहाज २०२४मध्ये थांबवलं ते बरंच झालं, चिखल उपसायला एवढा पैसा कशाला?' डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. हे समुद्रतळाला भोक पाडून गाळाचे नमुने काढणारं संशोधन जहाज. याच जहाजाने २०१५मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रतळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्याखाली अकराशे मीटर भोक पाडलं. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या संस्थेतले धनंजय पांडे. तिथे सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी सौराष्ट्राकडून घसरून आलेला राक्षसी ढिगारा सापडला, 'नटराज' नावाचा. जमिनीवरचं पाऊस धुऊन नेतो, समुद्रात मात्र थरावर थर बसत जातो.

कोरडवाहू: आमच्या रानात तीन बोअर घेतल्या. ५५० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. कोटी वर्षांचं राहू द्या, यंदा पाऊस कधी ते सांगा.

खडकफोड्या: 'नटराज' भोक पाडून सापडला नाही! ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात तो आधीच दिसला होता. लिहिण्याआधी वाचत जा.

गाळगोष्टी: बरं, 'सापडला' चुकलं. पण वय? ते गाळ हातात आल्यावरच ठरलं ना?

खडकफोड्या: ते मान्य. तेवढंच.

रानवाट: कोरडवाहू, त्या फुफाट्यावरून आठवलं. बोअरगाडीचा हातोडा खडकाचा भुगा करतो आणि हवेने वर फेकतो, सगळं एकमेकांत मिसळतं. कोअर, म्हणजे गाळाचा किंवा खडकाचा अखंड दांडा, काढताना बिट (खोदणारं टोक) मधून पोकळ असतं, आतला दांडा शाबूत वर येतो. आणि केसिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून टाकतात तो पाइप, मोजून घेतलंत का? आमच्याकडे ४० फुटांचे पैसे घेऊन २० फूटच टाकलं. पावसाळ्यात माती ढासळली, मोटर आतच गेली.

कोरडवाहू: आमचंही तेच! पाणाड्याने नारळावर जागा दाखवली होती, तिसरी तरी लागेल वाटलं.

खडकफोड्या: नारळावर लाखभर घालवता आणि शास्त्रज्ञांकडे हिशेब मागता?

कोरडवाहू: तोंड सांभाळा. पाणाड्या माझ्या बांधावर आला होता. तुमचा शास्त्रज्ञ कधी आला?

रानवाट: खडकफोड्या, कर्ज काढून बोअर घेणाऱ्याला असं बोलू नये.

गाळगोष्टी: मी शिकत असताना एका प्रयोगशाळेत अर्धा चिरलेला कोअर पाहिला. मनगटाएवढा जाड, हिरवट राखाडी, ओल्या मातीचा वास. चिमूटभर गाळ चाळला की खसखशीहून बारीक शिंपले उरतात, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांचे. नैऋत्य वारा जोरात असला की ओमानच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं आणि त्यात एक विशिष्ट जात वाढते. १९८७मध्ये तिथे काढलेल्या कोअरमध्ये ती ८० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास एकदम वाढलेली दिसली. तुमच्या रानावर येतो तोच हा वारा, कोरडवाहू. तो कशाने चढतो, कशाने पडतो, हे शंभर वर्षांच्या पर्जन्यमापकातून कसं कळणार?

रानवाट: आणि हिंदी महासागराचे कोअर ठेवलेत कोचीला. केरळातलं नव्हे, जपानमधलं! आपल्या समुद्राचा गाळ पाहायला आपल्या पोरांनी तिकडे जायचं?

खडकफोड्या: मागणी केली तर नमुने मिळतात, कुठल्याही देशाच्या संशोधकाला.

कोरडवाहू: शिंपल्यांचं पटलं, अर्धं. पण हा वारा पडणार असेल तर पेरणीआधी कुणीतरी आमच्या तालुक्याला येऊन सांगा. तोवर चौथी बोअर घेत नाही.