व्हिएतनाम: सगळ्या प्रवासाला एकच गाईड की गावोगावी वेगळा?

गोगलगाय
फेब्रुवारीअखेर आई-बाबांना घेऊन १२ दिवस व्हिएतनामला निघालोय. हनोई, ह्वे, होई आन, सायगाव. एजंट म्हणतो, हनोईपासून सायगावपर्यंत एकच गाईड सोबत देतो. पैसे भरपूर मागतोय. बाबा इतिहासवेडे, 'इथे काय झालं' हे कळल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. आई शाकाहारी. कोणी असा गाईड घेतला होता का?

पायवाट
एकच नका घेऊ. आम्ही घेतला आणि चुकलो.

हनोईचा मुलगा, हनोईत वाघ! हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली, हांग मा कागदी वस्तूंची. पितरांसाठी जाळायच्या खोट्या नोटांची गड्डीच त्याने माझ्या हातात ठेवली. ह्वेला पोचलो आणि साहेब आमच्याबरोबर पाट्या वाचायला लागले.

मग तिथल्याच एका बाईंना दिवसभरासाठी धरलं. त्यांनी पहिलं काय विचारलं, तर माझं वय. मी जरा चमकलोच. पण त्यांच्या भाषेत सरसकट चालेल असं 'तुम्ही' नाही. थोरला असेल तर 'आन्ह', थोरली असेल तर 'ची', धाकटं कोणी असेल तर 'एम'. वय कळल्याशिवाय बोलायचं कसं? राजवाड्यात कांशाचे नऊ प्रचंड कलश आहेत, मिन्ह मांग बादशहाने १८३५ ते १८३७ मध्ये ओतवलेले. त्यांवर डोंगर, नद्या, होड्या, तोफा कोरल्यात, सगळा देशच म्हणा ना. बाईंनी त्यातला फणस दाखवला. आम्ही एकटे असतो तर फोटो काढून पुढे गेलो असतो.

पण खरा गाईड हवा तो 'मी सन' या ठिकाणी (उच्चार 'माय सन' नव्हे). होई आनपासून तासाभरावर चाम या इथल्या जुन्या समाजाच्या राजांची शिवमंदिरं आहेत, सुरुवात चौथ्या शतकातली. राजा भद्रवर्मन, म्हणून देवाचं नाव भद्रेश्वर. आमचा गाईड साठीचा, जवळच्याच गावातला. त्याने भिंतीतल्या विटांच्या सांध्यावरून नख फिरवलं, म्हणाला तुम्हीही फिरवा. कुठे अडकेचना. मग डागडुजीच्या नव्या विटा दाखवल्या, त्यांच्यावर शेवाळ. हजार वर्षांच्या जुन्या मात्र लालबुंद. विटा कशाने चिकटवल्या यावर अभ्यासकांचे अजून वाद आहेत, तेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पुढे गवताने भरलेला एक गोल खड्डा होता. मला वाटलं तळं आटलंय. तो बॉम्बचा निघाला. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी विमानांनी इथलं सगळ्यात देखणं मंदिर पाडलं. दगडी चौथऱ्यापाशी तो बराच वेळ काही बोलला नाही.

आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे जीर्णोद्धाराचं काम केलंय. २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग सापडलं. बाबांना नक्की सांगा.

सायगावात मी गाईड घेतला नसता. कू चीची युद्धकाळातली भुयारं पाहायला तिथला माणूस असतोच.

तिखटमीठ
आईंसाठी एकच शब्द घोका: 'चाय'. चहा नाही हो, शाकाहारी! 'तोई आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खाते. नुसतं 'मांस नको' म्हणालात तर माशाचा नुओक माम सॉस पडणारच. त्यांच्या चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला बरेच बौद्ध लोक चाय खातात, त्या दिवशी चंगळ. बहुधा कांदा-लसूणही नसतो.

रिकामटेकडा
गाईडचं कार्ड बघून घ्या. परदेशी पाहुण्यांना फिरवायला आंतरराष्ट्रीय गाईडचं वेगळं कार्ड लागतं. आमचा 'गाईड' ड्रायव्हरच निघाला. दोन देवळं आणि तीन रेशमाची दुकानं दाखवली. दुकानांची माहिती उत्तम होती.

गोगलगाय
सगळ्यांचे आभार! एजंटला 'नको' म्हणून कळवलं. बाबांना धागा वाचून दाखवला, त्यांचा लगेच प्रश्न: मग ते चाम लोक आता कुठे आहेत?

पायवाट
आहेत की! बरेचसे दक्षिणेला फान रांगच्या आसपास. त्यांच्यातले काही अजून स्वतःला 'बालामोन' म्हणवतात, म्हणजे आपला ब्राह्मण शब्द. पो क्लोंग गराईच्या देवळात आजही पूजा होते, काते सण साधारण ऑक्टोबरात असतो. दा नांगहून सायगावला विमानाऐवजी रेल्वेने गेलात तर वाटेत 'थाप चाम' स्टेशन लागतं, अर्थ चाम मनोरा. देऊळ तिथून जवळच आहे. फक्त वेळापत्रक बघून गाडी निवडा, नाहीतर बाबा घोरत असताना निघून जाईल.