केंटकीतील बेरिया कॉलेज: इतिहास आणि स्वरूप याविषयी माहिती हवी

फोंडेकर

नमस्कार. माझी भाची हायर सेकंडरीच्या बारावीत आहे आणि अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात अर्ज करण्याचा तिचा विचार आहे. हे खाजगी, ख्रिस्ती आणि लिबरल आर्ट्‌स पद्धतीचे (म्हणजे एकाच धंद्याऐवजी अनेक विषयांचे व्यापक शिक्षण देणारे) कॉलेज असून ते विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही, एवढे तिने आम्हाला सांगितले, आणि त्यावरून घरात दोन तट पडले. ख्रिस्ती संस्था आम्हा गोवेकरांना नवीन नाहीत. परंतु आपल्याकडे व्यवस्थापन फादरांचे किंवा सिस्टरांचे असले तरी अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी गोवा विद्यापीठाची असते. अमेरिकेतले कॉलेज मात्र स्वतःच अभ्यासक्रम ठरवते आणि स्वतःच पदवी देते. तेव्हा तिथे धर्माचा संबंध शिकण्याशी आणि वसतिगृहातील राहणीशी कितपत येतो, आणि फी न घेणाऱ्या संस्थेचा खर्च कोण चालवतो, असे दोन प्रश्न तिच्या आजोबांनी विचारले आहेत. जाणकारांनी कृपया सांगावे.

मडगावचा इतिहासवाला

आजोबांचे दोन्ही प्रश्न योग्य आहेत, आणि दोहोंची उत्तरे या कॉलेजच्या इतिहासातच आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कॉलेजचा संस्थापक जॉन फी (‘फी’ हे त्याचे आडनाव) हा केंटकीतील गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेला धर्मोपदेशक. गुलामगिरी हे पाप आहे असे तो उघड सांगू लागला तेव्हा वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळले. कॅशियस क्ले या गुलामगिरीविरोधी जमीनदाराने दिलेल्या जागेवर फीने वस्ती केली आणि तिथे १८५५ मध्ये एका खोलीची शाळा सुरू झाली; तीच पुढे बेरिया कॉलेज झाली. ओहायोतील ओबर्लिन कॉलेजात काळे आणि गोरे, मुलगे आणि मुली एकत्र शिकत होते, आणि तोच नमुना फीच्या डोळ्यांसमोर होता. फरक इतकाच की ओबर्लिन गुलामगिरी नसलेल्या राज्यात होते आणि हा गृहस्थ ते गुलामगिरीच्या राज्यात करू पाहत होता. परिणाम व्हायचा तोच झाला. १८५९ च्या डिसेंबरात सशस्त्र जमावाने या मंडळींना राज्याबाहेर घालवले. यादवी युद्धानंतर ती परतली आणि १८६६ मध्ये शाळेत १८७ विद्यार्थी होते, त्यांपैकी ९६ काळे आणि ९१ गोरे. त्या काळच्या दक्षिणेत हे प्रमाण जवळजवळ अविश्वसनीय वाटावे असे आहे.

देवाने पृथ्वीवरील सर्व लोक एकाच रक्तातून निर्माण केले, या बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागातील वचनावर कॉलेजचे ब्रीद आधारलेले आहे. संस्था पहिल्यापासून कोणत्याही एका पंथाच्या चर्चची नाही. तिचा ख्रिस्ती बाणा मुख्यत्वे या एका वचनाशी बांधलेला आहे, आणि त्या वचनाची कसोटी पुढे फार कठोरपणे लागली.

१९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एका संस्थेत शिकवण्यास बंदी घालणारा ‘डे कायदा’ केला. दोन्ही वर्णांना शिकवायचे असल्यास स्वतंत्र शाखा हवी आणि तीही किमान २५ मैल दूर, अशी त्यात तरतूद होती. राज्यात असे मिश्र कॉलेज बेरिया एवढेच असल्यामुळे नेम कोणावर होता हे सांगायला नको. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९०८ मध्ये हरले. राज्याने सनद दिलेल्या संस्थेवर राज्य निर्बंध घालू शकते, असा निकालाचा आधार होता. न्यायमूर्ती हार्लन यांनी, जे स्वतः केंटकीचेच होते, त्याविरुद्ध मत नोंदवले. पुढे कॉलेजने काळ्या विद्यार्थ्यांसाठी लुईव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभारण्यास हातभार लावला. १९५० मध्ये कायदा शिथिल होताच बेरियाने काळ्या विद्यार्थ्यांना पुन्हा प्रवेश दिला. काळ्यांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारे कार्टर वुडसन याच कॉलेजातून १९०३ मध्ये, म्हणजे कायद्याच्या आदल्या वर्षी, पदवी घेऊन बाहेर पडले.

मात्र सगळा दोष कायद्याच्या माथी मारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १८९२ मध्ये अध्यक्ष झालेल्या विल्यम फ्रॉस्ट यांनी ॲपलेशिया या पूर्व अमेरिकेतील डोंगराळ भागातील गरीब गोऱ्या मुलांवर भर दिला, आणि कायदा येण्यापूर्वीच काळ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण घसरू लागले होते. फीने रुजवलेली समता त्याच्याच संस्थेत आतूनही पातळ झाली होती, हे संस्थेच्या गौरवगाथेत सहसा ठळक छापले जात नाही.

म्हापसेकर

वरील माहिती उत्तम आहे. खर्चाचा मुद्दा मी पुरा करतो. देणगीदारांनी मृत्युपत्राने ठेवलेली आणि विशिष्ट कामासाठी राखून न ठेवलेली रक्कम खर्च न करता कायम निधीत टाकायची, असे विश्वस्तांनी १९२० मध्ये ठरवले. मुख्यतः त्या निधीच्या उत्पन्नावर आणि देणग्यांवर कॉलेज चालते. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास काम करावे लागते, मग तो कोणत्याही घरातला असो. हातमाग, झाडू बांधणे, सुतारकाम, शेती, ग्रंथालय, १९०९ पासून चालणारे बून टॅव्हर्न हॉटेल, असे अनेक विभाग आहेत. वसतिगृहात कपबशी उचलायलाही माणूस लागतो अशा आपल्या पोरांना ते आरंभी जड जाईल, पण मला तरी या कॉलेजचा स्वभाव प्रार्थनेपेक्षा या कामात अधिक दिसतो.

धर्माविषयी एक सावधगिरी. बेरियावरून सर्व ख्रिस्ती कॉलेजांचा अंदाज बांधू नये. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेजही १८६० मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनीच उभारले, परंतु तिथे अध्यापकांना श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी लागते आणि विद्यार्थ्यांना आचारसंहिता मान्य करावी लागते. उलट ओबर्लिनचा आज कोणत्याही चर्चशी संबंध उरलेला नाही. बेरिया या दोहोंच्या मधले आहे: ख्रिस्ती मूल्ये ते स्वतःची म्हणून सांगते, पण विद्यार्थ्याकडून श्रद्धेची कबुली मागत नाही. धर्मविषयक अनिवार्य विषय सध्या कोणते आहेत हे चालू वर्षाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत पाहून घ्यावे.

फोंडेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सही किंवा कबुली नाही, हे वाचून आजोबांचा विरोध बराच मावळला. आता काळजी कामाची आहे. विद्यार्थी व्हिसावर असे काम चालते का, आणि ते निवडता येते का?

म्हापसेकर

चालते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, त्यामुळे हे १० तास नियमात बसतात. पहिल्या वर्षी काम कॉलेज नेमून देते, पुढे निवडीला वाव मिळतो. एक गोष्ट भाचीला आत्ताच सांगून ठेवा: प्रवेशात ॲपलेशियातील आणि बेताच्या उत्पन्नाच्या घरांना प्राधान्य असते आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा थोड्या असतात, म्हणून गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांतील प्रवेशाची तयारी तिने सोडू नये.