खालचे दात दाटीवाटीने आले आहेत : तारा बसवाव्यात की पारदर्शक अलायनर?

जांबोटीच्या बाई
नमस्कार. खानापूर तालुक्यातील जांबोटी भागात एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. वय 34. माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले आहेत आणि वरचा डावा सुळा रांगेबाहेर आला आहे. बेळगावात दोन ठिकाणी दाखवले. पहिल्या डॉक्टरांनी चार उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्या मधले दात) काढून तारा बसवण्यास सांगितले. दुसऱ्यांनी तोंडाचे स्कॅन केले आणि एकही दात न काढता पारदर्शक अलायनरने (दातांवर घालायचे, काढता येणारे प्लास्टिकचे साचे) दात कसे सरळ होतील, ते संगणकावर हलत्या चित्रांत दाखवले. एकाच तोंडाबद्दल दोन सल्ल्यांत इतकी तफावत कशी असू शकते? दिवसभर वर्गात बोलावे लागते, म्हणून उच्चारांची काळजी वाटते. शिवाय आमच्याकडचा पाऊस पाहता जून ते सप्टेंबर बेळगावला वारंवार जाणे कठीण असते. पुण्याची भाची तर म्हणते की घरीच माप घेऊन पाठवले की अलायनर टपालाने येतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीचा दंतवैद्य
ताई, मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारा दंततज्ज्ञ आहे. तुमचे तोंड न पाहता निर्णय देणार नाही. मात्र तफावतीचे कारण सांगता येईल. येथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. जबड्यात दातांना किती जागा कमी पडते, हा पहिला. आणि दात कोणत्या साधनाने हलवायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ठरल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये.

तीन-चार मिलिमीटर जागा कमी पडत असेल, तर दातांच्या कडा किंचित घासून (दोन दातांमध्ये मिळून साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत) किंवा दातांची कमान थोडी रुंदावून ती बहुतेक वेळा मिळवता येते. दाटी त्याहून बरीच जास्त असेल किंवा पुढचे दात आधीच ओठांकडे झुकलेले असतील, तर उपदाढा काढण्याचा विचार होतो, कारण एका उपदाढेमुळे सुमारे सात मिलिमीटर जागा मोकळी होते. हा हिशेब दातांच्या मापांवरून आणि डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून मांडतात. तो एक्स-रे दुसऱ्या ठिकाणी काढला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. केवळ स्कॅन केले असेल, तर दातांचा दिसणारा भाग कळला; मुळे आणि हाड कळले नाही.

पडद्यावरच्या चित्रांबद्दलही थोडे लिहितो, कारण रुग्णांची सर्वाधिक दिशाभूल तेथे होते. संगणक दात हवा तसा सरकवून दाखवतो, कारण त्याला अडवायला हाड नसते. तोंडात मात्र दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंवर दाब पडल्यावर एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात हळूहळू जागा बदलतो. म्हणूनच अलायनरचा प्रत्येक जोड दाताला साधारण पाव मिलिमीटरच हलवण्यासाठी बनवलेला असतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा जोड घालायचा असतो. ते चित्र योजना आहे, निकाल नव्हे. वाटेत पुन्हा स्कॅन करून काही जादा जोड बनवावे लागणे अगदी नेहमीचे आहे, तेव्हा त्यांचा खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे का, ते आधीच विचारून घ्यावे.

थोडी दाटी, झुकलेले दात आणि दातांमधल्या फटी यांसाठी अलायनर उत्तम काम करतात. गोल आकाराचा सुळा फिरवणे, दात खाली ओढून आणणे आणि उपदाढा काढल्यावर राहिलेली मोठी जागा मुळांसह बंद करणे ही कामे त्यांना जड जातात. दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवून बरेच साधता येते; तरीही चार दात काढायचेच ठरले, तर तुमच्या बाबतीत माझा कल तारांकडे राहील.

निपाणीकर
बाई, माझ्या पत्नीने कोल्हापुरात अलायनरचे उपचार घेतले; आम्हाला निपाणीहून तेच सोयीचे पडते. दिवसाचे 20 ते 22 तास घालायचे, म्हणजे जेवण आणि दात घासणे सोडले तर सतत, हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात खरी अडचण चहाची. गरम चहा घेताना अलायनर काढावे लागतात, कारण उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो, आणि गोड चहा आत साचून दात किडण्याची भीती असते. त्यानंतर चूळ भरून ते पुन्हा घालायचे. आमच्या घरी चहाच्या वेळाच निम्म्या झाल्या! शाळेत सहकाऱ्यांसोबत तीनदा चहा होत असेल, तर यावर आधी विचार करा. काढलेले अलायनर डबीतच ठेवावेत. कागदात गुंडाळून ठेवलेले सरळ कचऱ्यात जातात.

उच्चारांचे म्हणाल, तर सुरुवातीचे काही दिवस 'स' आणि 'श' थोडे जड येतात, मग जीभ सरावते. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत सुरुवात केलीत, तर वर्गात अवघडल्यासारखे होणार नाही.

पावसाळ्यापुरता अलायनरचा लाभ मात्र खरा आहे. डॉक्टर पुढचे काही जोड एकदम देऊ शकतात. तारेचे टोक गालाला टोचू लागले किंवा दातावरचा ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा चिकटवलेला छोटा तुकडा) निघाला, तर मात्र पाऊस असो वा नसो, जावेच लागते.

वडगावचे काका
भाचीच्या सल्ल्यापुरते लिहितो. अमेरिकेतील स्माईलडायरेक्टक्लब ही कंपनी घरपोच अलायनर देणारी मोठी कंपनी होती. डिसेंबर 2023 मध्ये ती अचानक बंद झाली आणि उपचार अर्ध्यावर असलेले ग्राहक तसेच लटकले. कंपनी टिकली तरी हिरड्या कोण तपासणार आणि एक्स-रे कोण पाहणार? बेळगावात दोन दंत महाविद्यालये आहेत. तेथील ऑर्थोडॉन्टिक्स विभागात तिसरे मत घ्यावे. फॉर्मवर सही करण्यापूर्वी त्यातला मजकूर मराठीत समजावून मागायला संकोच करू नये.

जांबोटीच्या बाई
सर्वांचे आभार. दुसऱ्या ठिकाणी बाजूचा एक्स-रे काढलेला नव्हता, हे आता लक्षात आले. एक राहिले : ब्रश करताना खालच्या हिरड्यांतून अधूनमधून रक्त येते. दोघांनीही त्याबद्दल काही विचारले नाही. याचा या उपचाराशी संबंध आहे का?

टिळकवाडीचा दंतवैद्य
थेट संबंध आहे आणि हे आधी सांगितलेत, तर मी तेथूनच सुरुवात केली असती. हिरड्यांना सूज असताना आणि हाड खचत असताना दात हलवले, तर हाडाचा ऱ्हास वाढून दात सैल होऊ शकतात, मग साधन तारेचे असो वा अलायनरचे. प्रथम दातांची सफाई करून घ्या, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजून घ्या आणि संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून हाडाची पातळी पाहून घ्या. रक्त येणे थांबल्यावर आणि हिरड्या निरोगी ठरल्यावरच दात सरळ करण्याकडे वळा. त्यासाठी काही महिने थांबावे लागले तरी चालेल. तिसऱ्या मतासाठी जाताना आधीचा एक्स-रे आणि स्कॅनची फाईल दोन्ही ठिकाणांहून मागून घ्या. उपचार संपल्यावर रात्री रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे साधन) दीर्घकाळ घालावा लागेल, हेही आताच मनाशी धरा. विशेषतः खालचे पुढचे दात पुन्हा दाटण्याकडे कल दाखवतात.