"मन घट्ट असलं की पुरे", मग मी नऊ वर्षं काय करत होतो?

तापीकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, "दारू सोडायला मीटिंगा कशाला? मन घट्ट करायचं. अनोळखी लोकांत बसून स्वतःची अब्रू काढणं हे नवीन फॅड आहे." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

नवीन कसलं? १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही पार वाया गेलेले दारुडे, एकमेकांशी बोलत राहिले. तिथून ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ही दारू सोडणाऱ्यांची संघटना सुरू झाली. मुंबईत १९५७ पासून आहे.

आणि मन? नऊ वर्षं तेच घट्ट करत होतो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या समाधीपुढे घेतली. पगाराच्या दिवसापलीकडे एकही गेली नाही. अमळनेरात कुणी बघेल म्हणून पॅसेंजरने जळगाव गाठायचो, आणि मीटिंगच्या दारातून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा एक म्हातारा म्हणाला, "उना का भाऊ? बस." चहा आला. सगळ्यांचे कप भरलेले, माझा अर्धा. वाईट वाटलं. कप उचलला तर हात इतका थरथरला की त्यातलाही निम्मा बशीत सांडला. म्हाताऱ्याला ते आधीच माहीत होतं. नाव, गाव, फी, काहीच विचारलं नाही. शेवटी वर्गणीचा डबा फिरला, तोही ऐच्छिक.

माळकरी पारोळा:
ते वाक्य माझंच. माझ्या वडिलांनी पंढरपुरात माळ घातली. बावीस वर्षं थेंब नाही. कुठली मीटिंग? दारू सोडायच्या तुमच्या ए.ए.च्या बारा पायऱ्यांतही देव आहेच ना? मग आपला विठ्ठल काय कमी पडतो?

तापीकाठ:
विठ्ठल कमी नाही. तिथे लिहिलंय, 'देव, आपल्याला जसा उमगला तसा'. माझ्या शेजारी बसणारा देव मानत नाही, तो ग्रुपलाच शक्ती मानतो. पण तुमचे वडील एकटे होते का? दर एकादशीला भजनाला बोलावणारे, माळेकडे बघणारे माळकरी होते. त्यांना तो ग्रुप गावातच मिळाला.

भुसावळ लोको:
मन घट्टवाल्यांनी हे वाचा. घरी कानबाई देवी बसणार, तिच्या रोटांच्या नैवेद्याचं सोवळं, म्हणून माझ्या भावाने रोजची दारू एका दिवसात बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागला. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. पहाटे फिट आली. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याने अशी एकदम तोडली तर जीवही जातो. आधी दवाखाना, मग मीटिंग.

यावलची सून:
पुरुषांचं सगळं छान चाललंय. नवरा जायलाच तयार नसेल तर? पेपरात 'नकळत दारू सोडवा' वाचलं आणि मी गोळ्या भाजीत घातल्या. दुसरं काय करणार होते?

शिरपूरकर:
ताई, बरोबर केलंत. माझ्या मामीने पण तेच केलं होतं.

धुळे मेडिकल:
अजिबात बरोबर नाही! ती गोळी डायसल्फिरम असेल तर त्यावर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, बीपी पडतं. हृदय कमजोर असेल तर माणूस जातो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. शिकलेल्या बायकांनी असं करावं म्हणजे कमाल झाली.

यावलची सून:
शिकलेल्या बायका काढू नका. मला ती गोळी चिठ्ठीशिवाय तुमच्यासारख्याच एका काउंटरवर मिळाली. पंधरा रात्री घालत होते. सोळाव्या रात्री तो पिऊन आला आणि अंगणातच कोसळला, तोंड कुंकवासारखं. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हणाले, वांग्याची भाजी. वाचला. त्याला आजही माहीत नाही. घरात भोगा, मग बोला.

धुळे मेडिकल:
चिठ्ठीशिवाय देणारे आमच्यात आहेत, हे नाकारत नाही. तुम्हाला तसं बोलायला नको होतं. गोळीबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.

शिरपूरकर:
मी मामीला फोन केला. मामांना तेव्हा काय झालं होतं ते तिने आज सांगितलं. माझं वरचं वाक्य धरू नका.

माळकरी पारोळा:
विषय कुठल्या कुठे गेला. तरी भजनाला बोलावणाऱ्यांचा मुद्दा मान्य करावा लागेल. वडिलांनी एकदा मधेच माळ काढून खुंटीला टांगली होती. चौघे घरी येऊन बसले, पुन्हा घालेपर्यंत उठले नाहीत. पण सगळ्यांनी मीटिंगलाच जावं हे मला पटणार नाही.

तापीकाठ:
सगळ्यांनी जावं असं मी म्हटलंच नाही. ज्याला सोडायचीय त्याने. तिथे तेवढीच अट आहे.

ताई, तुमच्या नवऱ्याची तयारी लागत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, आणि ए.ए.च्या ओपन मीटिंगलाही कुणी येऊन बसू शकतं. माझी बायको माझ्याआधी चार महिने जात होती, मला पत्ता नव्हता. तिला वाटतं तुमच्याशी बोलावं.

यावलची सून:
तिथे भाजीचं सांगावं लागेल का?

तापीकाठ:
नाही. नुसतं बसलात तरी चालतं. ती पहिले सहा रविवार काहीच बोलली नव्हती.

यावलची सून:
एसटीने येईन. साडेदहापर्यंत पोचते. स्टँडवर त्यांना थांबायला सांगा.