प्रति: लेझरने आरसे जुळवूनही ताऱ्यांना शेपट्या
दुर्बिणीतून काढलेल्या मृगातील एम-४२ या तेजोमेघाच्या छायाचित्रात उजवीकडच्याच ताऱ्यांना शेपट्या आल्या, म्हणून मुख्य आरसा सदोष असावा, ही आपली शंका मला घाईची वाटते. आधी आरसे जुळवायचा लेझर तपासावा. तो फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या नळीत) सावकाश फिरवताना मुख्य आरशावरचा लाल ठिपका स्थिर न राहता वर्तुळ काढू लागला, तर दोष लेझरचाच आहे. माझ्या लेझरने बोटभर रुंदीचे वर्तुळ काढले, तोवर मी त्याच्यावर हिवाळाभर विसंबून होतो.

एफ/५ च्या (आरशाच्या व्यासाच्या पाचपट नाभीय अंतर असलेल्या) न्यूटनियन, म्हणजे आरशांच्या, दुर्बिणीत कोमामुक्त, म्हणजे ताऱ्यांना शेपट्या न येणाऱ्या, क्षेत्राचा व्यास जेमतेम २.८ मिमी आणि एफ/४ मध्ये तर १.४ मिमी असल्यामुळे, डोळ्यांनी पाहताना खपून जाणारी जुळणीतली चूक कॅमेऱ्यात लपत नाही. म्हणून शेवटची जुळणी ताऱ्यावरच करावी. ध्रुवतारा जवळजवळ हलत नाही हे खरे, पण आपल्या यावल-जळगावकडे तो अवघ्या २१ अंशांवर, सातपुड्याच्या माथ्यावरच्या थरथरत्या हवेत असतो. शिवाय नळी कलती असताना जुळवलेले आरसे ती उभी होताच किंचित सरकतात. त्यामुळे मी चित्रविषयाजवळचाच तारा घेतो, दुर्बीण तासभर अंगणात थंड होऊ देतो, आणि तारा फोकसपासून अगदी थोडा हलवून त्याच्या प्रकाशाची दिसणारी कडी एककेंद्री होईपर्यंत मुख्य आरशाचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवतो.

चारही कोपऱ्यांत सारख्याच शेपट्या असत्या, तर मात्र मी आरशांना हात न लावता कोमा करेक्टर (या शेपट्या घालवणारे भिंग) आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांमधले अंतर मोजले असते. बहुतेक करेक्टरना ते ५५ मिमी लागते.