'म्युझिक सुपरवायझर'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

माझी भाची मुंबईत मालिका करणाऱ्या एका संस्थेत म्युझिक सुपरवायझरच्या हाताखाली काम शिकते आहे. आजीने "नक्की काय करतेस गं?" विचारलं, तर तिला धड सांगता येईना. शब्दशः करायला गेलं तर 'संगीत पर्यवेक्षक' होतं, पण पर्यवेक्षक म्हटलं की परीक्षेत बाकांमधून फेऱ्या मारणारे सर डोळ्यांपुढे येतात. 'संगीत संयोजक' चालेल का? शिवाय ती दिवसभर 'सिंक', 'मास्टर', 'क्यू शीट' असं बोलत असते. त्यांना आपल्याकडे काही शब्द आहेत का?

प्रतिसाद १

'संयोजक' नकोच. तो शब्द आपल्याकडे आधीच गुंतलेला आहे. चाल संगीतकाराची, त्या चालीला व्हायोलिन कुठे, बासरी कुठे, मधले तुकडे कसे हे ठरवणारा तो संयोजक. अनिल मोहिले, अप्पा वढावकर यांना आपण संगीत संयोजक म्हणून ओळखतो. तुमच्या भाचीचं काम निराळं दिसतंय.

प्रतिसाद २

तयार गाण्यांतून निवड करायची असते ना? मग 'गीतनिवडकार' म्हणा. सोपं आणि अर्थवाही.

प्रतिसाद ३

संकलनाच्या टेबलावर हे काम जवळून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'गीतनिवडकार' ऐकायला छान आहे, पण त्यात कामाचा लहान भाग येतो. गाणं सुचवायला युनिटमधले सगळेच पुढे असतात. ते गाणं त्या काळात, त्या दृश्यात, हाताशी असलेल्या पैशांत आणि हक्कदारांच्या लेखी परवानगीने बसवून देणं, हे सुपरवायझरचं काम. शिकणाऱ्याचा कस या दुसऱ्या भागात लागतो.

एक प्रसंग घेऊ. साल 1955, पुण्यातला वाडा, आई आणि मुलगा बोलताहेत, मागे रेडिओ चालू आहे. दिग्दर्शकाला 'श्यामची आई'तलं 'भरजरी गं पितांबर' हवं आहे.

आधी काळ पाहायचा. चित्रपट 1953चा, म्हणजे साल जुळतं. पण रेडिओवर ते लागेल का? 1952मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. सिनेसंगीताचे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. विविध भारती सुरू झाली ती 3 ऑक्टोबर 1957ला. म्हणून 1955च्या पुणे केंद्रावर हे गाणं सहज वाजताना दाखवलं, तर जाणता प्रेक्षक थबकेल. मार्ग सोपा आहे: रेडिओ काढून कोपऱ्यात ग्रामोफोन ठेवा. मात्र हे चित्रीकरणाच्या आधी सांगायला हवं. म्हणूनच चांगला सुपरवायझर पटकथा हातात आल्यापासून कामाला लागतो.

मग हक्क. एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. आपल्या कायद्याने शब्द आणि चाल यांवरचा हक्क त्या त्या कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो, आणि ध्वनिमुद्रणावरचा ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून होते. या गाण्याचे शब्द आचार्य अत्र्यांचे. ते 1969मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क 2029 अखेरपर्यंत. चाल वसंत देसाईंची, ते 1975मध्ये गेले, म्हणजे 2035 अखेरपर्यंत. मूळ ध्वनिमुद्रण 1953चं, त्याची मुदत 2013 अखेर संपली. तबकडीवरचा आवाज मोकळा, पण त्या आवाजातले शब्द आणि चाल मोकळी नाही! "इतकं जुनं गाणं, आता कोण विचारतंय" असं म्हणणारे नेमके इथेच अडकतात. आणि हा हिशेब भारतापुरता. मालिका बाहेरच्या देशांत दिसणार असेल तर तिथला कायदा पाहायचा.

दिग्दर्शक म्हणाला, "मग गीतरामायण घेऊ, ते तर 1955मध्ये पुणे केंद्रावरूनच सुरू झालं." काळाच्या दृष्टीने अचूक सूचना! पण गीतकार गदिमा 1977मध्ये गेले आणि संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, 2002मध्ये. शब्द 2037 अखेरपर्यंत आणि चाली 2062 अखेरपर्यंत हक्काखाली. परवानगी मागावी लागेल, पैसे मोजावे लागतील. ते मोजायची तयारी असेल तर जरूर घ्यावं.

तयारी नसेल तर मला सर्वांत आवडणारी वाट नाट्यपदाची. देवलांचं 'शारदा' 1899चं, देवल 1916मध्ये गेले. पदांचे शब्द केव्हाच मोकळे झाले आहेत. चालीचं मूळ तेवढं तपासायचं, चांगली गायिका आणि पेटी-तबला बोलवायचा आणि पद नव्याने मुद्रित करायचं. ते ध्वनिमुद्रण निर्मात्याच्या मालकीचं होतं. 1955मधली आई स्वयंपाक करताना 'शारदा'तलं पद गुणगुणते, यात अशक्य काहीच नाही, उलट वाडा जास्त खरा वाटतो. उत्तम काम कित्येकदा असं टंचाईतून होतं.

शेवटी कान. संवाद आणि गायलेले शब्द एकमेकांवर आदळले की दोन्ही वाया जातात. आईचं महत्त्वाचं वाक्य कडव्यावर येऊ द्यायचं नाही, दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यावर येऊ द्यायचं. संकलक दोन-चार फ्रेम पुढे-मागे करून देतो, पण ते सुचायला गाणं तोंडपाठ असावं लागतं.

प्रतिसाद ४ (मूळ प्रश्नकर्ता)

ताई, हे भाचीला जसंच्या तसं पाठवलं. दोन शंका. थोडेच सेकंद वापरलं तर परवानगी लागत नाही असं बरेच जण सांगतात, ते खरं का? आणि त्या 'सिंक', 'मास्टर'चं काय?

प्रतिसाद ५ (पुन्हा प्रतिसाद ३ची लेखिका)

सेकंदांची अशी कोणतीही सूट कायद्यात नाही. ओळखू येणारी एक ओळ वापरली तरी विचारायला हवं.

शब्द आणि चाल चित्राशी जोडायची परवानगी म्हणजे 'सिंक'. मी 'चित्रजोड-परवाना' म्हणते, पण तो माझा शब्द, रूढ नाही. तेच विशिष्ट ध्वनिमुद्रण वापरायची परवानगी म्हणजे 'मास्टर'. त्याला 'मूळ ध्वनिमुद्रणाचा परवाना' म्हणता येईल. नव्याने गाऊन घेतलं की मास्टरची गरज उरत नाही, सिंकची उरते. दोन्ही परवाने एकाच कंपनीकडे असले तरी करारात ते वेगवेगळे लिहिलेले आहेत ना, हे पाहायचं. सोबत मुदत, प्रदेश आणि माध्यम या तिन्ही गोष्टी स्पष्ट हव्यात. महोत्सवापुरती परवानगी घेतलेला चित्रपट पुढे ओटीटीवर गेला की नव्याने बोलणी करावी लागतात, आणि तोवर समोरच्याला आपली अडचण कळलेली असते. म्हणून पुढच्या वापराचा दर आधीच ठरवून घ्यावा.

'क्यू शीट'ला 'संगीत नोंदपत्रक' चालेल. कोणतं गाणं, गीतकार-संगीतकार कोण, हक्क कुणाकडे, कितव्या मिनिटाला सुरू, किती सेकंद, पात्र गातंय की मागे वाजतंय, हे सगळं त्यात येतं. हा कागद रुक्ष दिसतो, पण माझा त्याच्यावर फार जीव आहे. 2012च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी गीतकार-संगीतकारांना मानधनाचा वाटा मिळायला हवा, तो हक्क सोडून देता येत नाही. गीतकार-संगीतकारांचे हे पैसे गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेने तो वाटा वाटायचा म्हटलं तर काय वाजलं हे तिला कळलं पाहिजे. नोंदीत गीतकाराचं नाव चुकलं की त्याच्या घरी जाणारे पैसे अडकतात.

प्रतिसाद ६

माहितीत भर: अमेरिकेत या मंडळींची संघटना 2010मध्ये झाली आणि तिथल्या दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांत हा स्वतंत्र विभाग 2017पासून आला. तिकडेही ओळख तशी अलीकडचीच. मग शब्द कोणता घ्यायचा?

प्रतिसाद ७ (प्रतिसाद ३ची लेखिका)

माझं मत 'संगीत पर्यवेक्षण'. व्यक्तीऐवजी कामाचं नाव घेतलं की परीक्षेचा वर्ग आठवत नाही, आणि श्रेयनामावलीत 'संगीत', 'पार्श्वसंगीत', 'संगीत संयोजन' यांच्या ओळीत ते नीट बसतं. बोलताना म्युझिक सुपरवायझरच म्हणा, सेटवर सगळे तेच म्हणतात. आजींना मात्र सरळ सांगा: मालिकेत वाजणारी गाणी ही शोधते, आणि ज्यांची ती आहेत त्यांची रीतसर परवानगी आणून त्यांचे पैसे त्यांना पोचतील असं पाहते.

भाचीला एक अभ्यास सांगा. आवडत्या मालिकेचा एक भाग घेऊन त्याचं नोंदपत्रक स्वतः तयार करायचं. प्रत्येक गाण्यापुढे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्कदार आणि मुदत असे रकाने करायचे. जिथे हक्कदार सापडणार नाही तिथे रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. झालं की इथेच टाका, आपण सगळे मिळून तपासू.